सुईची किंमत आणि वेळेचे मोल

पोटाचे दुखणे हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, असा आपल्याकडील शिष्टसंकेत आहे. रक्तदाब, मधुमेह, गुडघे यांविषयी माणसे लग्नाच्या पंगतीतही मोकळेपणाने बोलतात. किंबहुना आपल्या गोळ्यांची संख्या सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. परंतु आपल्याला सकाळी चार वेळा शौचास जावे लागते, किंवा चार चार दिवस जाताच येत नाही, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ अथवा आयबीएस या नावाने डॉक्टर ज्या विकाराचा उल्लेख करतात, त्याने गांजलेली माणसे आपल्या अवतीभवती किती आहेत याची कल्पना येत नाही. भारतात झालेल्या पाहणीत हे प्रमाण शंभर प्रौढांमागे सुमारे चार असे आढळले आहे. चार ही संख्या लहान वाटेल. पण गर्दीच्या वेळी ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या एका लोकलमध्ये चार हजारांहून अधिक माणसे कोंबलेली असतात. त्या हिशेबाने एकेका गाडीत असे दीडशेहून अधिक रुग्ण उभे असतात, आणि त्या गाडीत शौचालय नसते.

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतून सकाळी निघणारा एखादा कारकून डोळ्यांसमोर आणावा. घरापासून स्टेशनपर्यंत बस किंवा शेअर रिक्षा, मग फलाटावरील रेटारेटी, मग तासाभराचा उभ्याने प्रवास. ज्याचे आतडे केव्हा पेटके देईल याचा नेम नाही, त्याला या प्रवासाची भीती आदल्या रात्रीपासूनच वाटू लागते. आणि भीतीने आतडे अधिकच बिथरते. तो नाश्ता सोडतो, पाणी कमी पितो, मुलुंड, घाटकोपर, दादर येथील स्वच्छतागृहे कोठल्या फलाटावर आहेत हे पाठ करून ठेवतो. शिक्षकाची गोष्ट याहून निराळी नाही, कारण त्याला तास सोडून वर्गाबाहेर जाता येत नाही. परीक्षेच्या आठवड्यात पोट बिघडणारे विद्यार्थी तर आम्हां प्राध्यापकांच्या नित्य परिचयाचे आहेत. हा आजार माणसाला मारीत नाही, कर्करोगातही परिणत होत नाही. पण तो पगारी रजा खातो, बढती नाकारायला लावतो, प्रवास तोडतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात या नुकसानीचा रकाना नाही.

असा माणूस अखेरीस कोठे जातो? अलीकडे ठाण्यापासून कल्याणपर्यंत ॲक्युपंक्चरच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. गुडघेदुखी, मानदुखी, अर्धशिशी यांच्या यादीत ‘पोटाचे जुने विकार’ ही ओळही बहुधा असते. कारकून तेथे जातो, दहा बैठकांचे पैसे भरतो, आणि पुष्कळदा त्याला बरेही वाटते. या बरे वाटण्याचे मोल काय, ते नेमके कशामुळे येते, आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, हे प्रश्न वैद्यकाचे आहेत तितकेच अर्थशास्त्राचेही आहेत. म्हणूनच वैद्यकाचा अधिकार नसताना त्यांविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम विकाराविषयी. वारंवार पोट दुखणे, ते दुखणे शौचाशी निगडित असणे, शौचाची संख्या व स्वरूप बदलणे ही याची लक्षणे. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरविलेल्या निकषानुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस असे दुखणे असावे आणि त्याची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी. आतड्यात व्रण नाही, गाठ नाही, जंतू नाही. बिघाड आहे तो आतडे आणि मेंदू यांच्यामधील देवाणघेवाणीत. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे मोठे जाळे आहे आणि ते मेंदूशी सतत बोलत असते. या बोलण्यातला आवाज वाढला की सामान्य माणसाला जाणवतही नाही इतका वायू रुग्णाला कळ म्हणून जाणवतो. म्हणजे दुखणे खरे असते, परंतु दुर्बिणीत दिसत नाही. सर्व तपासण्या झाल्यावर ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे जे शुभवर्तमान डॉक्टर देतात, ते या रुग्णाला शुभ वाटत नाही. आपल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, असे त्याला वाटते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडली. पिढ्यान्पिढ्या अशा रुग्णांवर ‘जुनी आव’ असा शिक्का मारला गेला. कारण आपल्या देशात आव होती आणि आहे. शिवाय आव म्हटले की लिहून देण्यासाठी गोळी तयार असते. आवेचा जंतू सापडलेला नसतानाही त्या कडू गोळ्यांचे पाच-सात दिवसांचे वळसे वर्षानुवर्षे घेतलेली माणसे प्रत्येक कुटुंबात एखादे तरी सापडेल. निदान चुकीचे असले तरी त्याला नाव होते, गोळी होती आणि डॉक्टरांचे काम दोन मिनिटांत आटोपत होते.

ॲक्युपंक्चरकडे मराठी माणूस वळतो त्याला आणखी एक, भावनिक कारणही आहे. चीन आणि वैद्यक हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेथेच राहिले आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर नेले. कोटणीस हे आधुनिक वैद्यक शिकलेले शल्यचिकित्सक होते. त्यांचा लौकिक रणभूमीवरील शस्त्रक्रियांचा. सुया भारतात आणल्या त्या याच पथकातील बंगालचे डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात तिचा आरंभ केला. पुढे या विद्येच्या प्रसारासाठी निघालेल्या संस्थांनी कोटणिसांचे नाव धारण केले; लुधियानातील ॲक्युपंक्चर रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण. एका त्यागी पुरुषाच्या नावाची पुण्याई त्याने न वापरलेल्या उपचाराला लाभली. यात कोणाचा अपहेतू नव्हता. परंतु स्मारकाचे नाव हा उपचाराच्या गुणाचा दाखला होत नाही, एवढे भान ठेवलेले बरे.

पाश्चात्त्य जगात या विद्येचा बोलबाला झाला तोही एका पोटाच्याच दुखण्यापासून. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली. ती नेहमीप्रमाणे भूल देणारी इंजेक्शने देऊन झाली. सुयांनी भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, अशी जी आख्यायिका पुढे पसरली तिच्यात तथ्य नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचण्यात आल्या, जळती वनौषधी पोटाजवळ धरण्यात आली, आणि तासाभरात आराम पडला असे त्यांनी स्वतः लिहिले. पुढच्या वर्षी अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि सुयांची लाट अमेरिकेत पोचली. रेस्टन यांना आराम पडला हे खरेच असणार. पण शस्त्रक्रियेनंतर फुगलेले पोट बहुतेकांच्या बाबतीत आपोआपही उतरते. नदीला पूर आला असता नवस बोलावा आणि पूर ओसरावा, यातला कार्यकारणभाव शोधण्यासाठी नवस न बोललेल्या गावांतही पूर ओसरला की नाही, हे पाहावे लागते. आयबीएसच्या रुग्णाचेही असेच आहे. त्याचा विकार वाढतो-ओसरतो, आणि तो उपचारासाठी जातो ते विकार ऐन भरात असताना. त्यानंतर काहीही केले तरी काही काळ उतार पडतोच.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ज्या चीनमध्ये ही विद्या जन्मली, तेथेच १८२२ साली सम्राटाने राजवैद्यकाच्या संस्थेतून तिला काढून टाकले होते. कम्युनिस्ट राजवटीने तिला पुन्हा मानाचे स्थान दिले. कोट्यवधी लोकसंख्या, आधुनिक डॉक्टर मूठभर, औषधे महाग. सुई मात्र स्वस्त आणि ती टोचणारे हात विपुल. दुर्मिळ साधन वाचवून विपुल साधन वापरावे, हे तर आमच्या शास्त्राचे पहिले सूत्र. त्या निर्णयात राष्ट्राभिमान होताच, पण काटकसरही होती.

आता आपल्याकडील कायद्याची स्थिती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ साली ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली आणि २०१९ साली स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून. महाराष्ट्र तर यात पुढे होता. राज्याच्या विधिमंडळाने ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धती अधिनियम, २०१५’ केला. त्यान्वये परिषद, नोंदणी आणि शिक्षणक्रम यांची तरतूद झाली. हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. ज्या व्यवसायात माणसाच्या शरीरात सुई जाते तो व्यवसाय बेवारशी राहू नये. सुई निर्जंतुक आहे की नाही, ती एकदाच वापरून टाकली जाते की नाही, छातीवर ती किती खोल जाते, हे पाहणारा कोणीतरी असला पाहिजे. अस्वच्छ सुईने कावीळ पसरू शकते आणि खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला इजा झाल्याचीही क्वचित उदाहरणे आहेत. परंतु नोंदणीचा दाखला भिंतीवर लागला की रुग्ण त्याचा अर्थ निराळा लावतो. सरकारने मान्यता दिली म्हणजे गुण येतो हे सिद्ध झाले, असा तो अर्थ. रिक्षाचालकाला परवाना देताना सरकार त्याला रस्त्यावर रिक्षा चालविण्याची मुभा देते. तो आपल्याला गाडी सुटण्यापूर्वी स्टेशनात पोचवील याची हमी देत नाही. वैद्यकीय परवान्याचेही तसेच आहे.

मग गुण येतो की नाही? या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका पुरावा आज उपलब्ध आहे. वैद्यकीय चाचण्यांचा साक्षेपाने आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली या विषयावरील १७ चाचण्या आणि त्यांतील १,८०६ रुग्ण यांचा एकत्रित विचार केला. त्यात दोन गोष्टी आढळल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध भासतात. चीनमध्ये झालेल्या चाचण्यांत आतड्याचे आकडे सोडविणाऱ्या औषधांपेक्षा ॲक्युपंक्चरने अधिक रुग्णांना बरे वाटले. मात्र जेथे एका गटाला खऱ्या सुया आणि दुसऱ्याला खोट्या सुयांचा उपचार दिला गेला, अशा पाच चाचण्यांतील ४११ रुग्णांत दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये २३३ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांना दहा आठवडे ॲक्युपंक्चरची जोड दिली असता तीन महिन्यांनी पाचशे गुणांच्या मापपट्टीवर सरासरी सत्तावीस गुणांचा फरक पडला, आणि तो वर्षभर बऱ्यापैकी टिकला. फरक लहान, पण खरा. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक रुग्णांच्या चिनी चाचणीतही औषधांपेक्षा सुया सरस ठरल्या. पण तिच्यात खोट्या सुयांचा गट नव्हता. रुग्णाला आपण काय घेत आहोत हे ठाऊक होते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने तर या विकारासाठी ॲक्युपंक्चरला उत्तेजन देऊ नये, असे २००८ सालीच सांगितले होते.

खोटी सुई ही काय भानगड, असे वाचकांना वाटेल. नाटकात खुपसला की मुठीत शिरणारा खंजीर असतो, तशीच ही सुई. तिचे टोक बोथट असते, ती त्वचेला स्पर्श करून मुठीत सरकते. रुग्णाला मात्र टोचल्याचा भास होतो. या सुईच्या साहाय्याने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे टेड कॅप्चक आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या साऱ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅप्चक हे स्वतः तरुणपणी मकाऊत चिनी वैद्यक शिकलेले, म्हणजे सुयांचे शत्रू नव्हेत. त्यांनी आयबीएसचे २६२ रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला केवळ प्रतीक्षायादीत ठेवले. दुसऱ्याला तीन आठवडे खोट्या सुया दिल्या, पण उपचार करणाऱ्याने कामापुरते, पाचच मिनिटे भेटावे आणि बोलणे टाळावे अशी ताकीद होती. तिसऱ्या गटालाही त्याच खोट्या सुया. मात्र उपचारकाने पहिल्या भेटीत पाऊण तास बसावे, आजाराची हकीकत विचारावी, तो रुग्णाच्या नोकरीत, घरात, झोपेत काय काय करतो हे ऐकावे, त्याला धीर द्यावा. तीन आठवड्यांनी विचारले असता पुरेसा आराम पडल्याचे पहिल्या गटातील २८ टक्क्यांनी, दुसऱ्यातील ४४ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातील ६२ टक्क्यांनी सांगितले.

हे आकडे सावकाश वाचावेत. कोणाच्याही शरीरात सुई गेली नव्हती. २८ पासून ४४ पर्यंतची वाढ उपचाराच्या विधीमुळे झाली, आणि ४४ पासून ६२ पर्यंतची वाढ केवळ ऐकून घेण्यामुळे. पुढे २०१० साली याच मंडळींनी आणखी एक प्रयोग केला. ८० रुग्णांपैकी एका गटाला, ‘या गोळ्यांत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तरी त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, तर गोळ्यांविना तेवढाच संपर्क मिळालेल्या गटात तो ३५ टक्क्यांना पडला. फसवणूक केली तरच असा गुण येतो, हा समजही त्यामुळे ढासळला. ही पाहणी लहान होती आणि तीनच आठवड्यांची होती, हे सांगितले पाहिजे. तरीही ज्या विकारात आतडे आणि मेंदू यांचे संभाषण बिघडलेले असते, त्यात दुसऱ्या माणसाशी झालेल्या संभाषणाने फरक पडावा यात मला तरी अद्भुत काही वाटत नाही.

आता पुन्हा वर्तकनगरच्या कारकुनाकडे वळू. तो सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात गेला असता केसपेपरच्या रांगेत तास-दीड तास जातो आणि डॉक्टरांसमोर मिळतात दोन मिनिटे. ही अतिशयोक्ती नव्हे. निरनिराळ्या देशांतील प्राथमिक वैद्यकीय भेटींच्या कालावधीचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात स्वीडनमध्ये बावीस मिनिटांहून अधिक आणि भारतात सुमारे दोन मिनिटे अशी नोंद आहे. डॉक्टर निर्दय असतो असे नव्हे. तीन तासांत नव्वद माणसे तपासायची असतील तर भागाकार त्याच्या दयाबुद्धीला विचारत नाही. खाजगी विशेषज्ञाकडे फी मोठी आणि वेळ थोडा जास्त. पण तेथेही बाहेर खुर्च्या भरलेल्या. ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात मात्र त्याला आडवे करतात, पाऊण तास तेथे ठेवतात, नाडी पाहतात, जेवणखाण विचारतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावतात. समजा एका बैठकीचे पाचशे रुपये धरले, तर दहा बैठकांचे पाच हजार. या पाच हजारांत तो सुया विकत घेतो, अशी त्याची समजूत असते. उपलब्ध पुराव्यानुसार त्याने प्रामुख्याने विकत घेतलेले असते ते सात-साडेसात तासांचे स्वास्थ्य आणि एका माणसाचे लक्ष. तासाला सहा-सातशे रुपये पडले. शहरातला दर पाहता हा सौदा अगदीच आतबट्ट्याचा म्हणता येत नाही.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका प्रसिद्ध लेखात दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीच्या बाजारासारखा चालत नाही. कारण येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. मेथीची जुडी किडकी निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भाजीवाल्याकडे जाते. पण आपले पोट सुईमुळे सुधारले, सुट्टी लागल्यामुळे सुधारले की आपोआप सुधारले, हे रुग्णाला नंतरही कळत नाही. अशा बाजारात किंमत ठरते ती विश्वासावर. म्हणूनच विकणाऱ्यावर अधिक बंधन हवे. ‘समूळ बरे करू’ असे आयबीएसच्या रुग्णाला सांगणे हे आज उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या कसोटीवर खोटे आहे, मग सांगणारा सुया टोचणारा असो, काढे देणारा असो वा गोळ्या लिहून देणारा असो. आणि दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेण्याची प्रथा तर मला सर्वस्वी गैर वाटते. चौथ्या बैठकीनंतर काही फरक नसला तरी, पैसे भरले आहेत तर जाऊ या, असे म्हणून माणूस उरलेल्या सहा पुऱ्या करतो. बुडीत खर्चाच्या मागे धावू नये, हे आम्ही वर्गात शिकवितो. वर्गाबाहेर ते पाळणे कोणालाच साधत नाही.

याहून गंभीर धोका निराळाच आहे. सुई घेण्याआधी निदान झालेले असले पाहिजे. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, घराण्यात आतड्याचा कर्करोग असणे, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर तो आयबीएस आहे असे गृहीत धरून चालणार नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही आहे, आणि तो वेळीच ओळखला तर औषधांनी बरा होतो. दहा आठवडे सुया घेऊन बरे वाटल्याच्या समाधानात क्षय किंवा कर्करोग वाढत राहिला, तर त्या पाच हजारांचा हिशेब कोणत्या कागदावर मांडायचा? माणसाला बरे वाटविण्याची जी शक्ती या उपचारात आहे, तीच येथे घातक ठरते. येथे परिषदेने हात घातला पाहिजे. पोटाच्या विकारावर उपचार सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय निदानाचा कागद पाहिलाच पाहिजे आणि वरील लक्षणे विचारून त्यांची नोंद ठेवलीच पाहिजे, असा नियम करावा. तो खर्चिकही नाही.

स्वस्त उपायांचा विषय निघालाच आहे तर इसबगोलाचा उल्लेख करणे भाग आहे. गुजरात-राजस्थानात पिकणारी ही भुशी आपण जगभर निर्यात करतो, आणि आपल्याच औषधांच्या दुकानात ती म्हाताऱ्या माणसांचे औषध म्हणून कोपऱ्यात पडलेली असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, हॉलंडमधील २७५ रुग्णांच्या चाचणीत आयबीएसवर इसबगोलाने पहिल्या काही महिन्यांत निश्चित फरक पडला. गव्हाच्या कोंड्याने मात्र पडला नाही, उलट काहींना तो सोसला नाही. इसबगोलाला कोणी पाऊण तास देत नाही, म्हणून त्याची पाटी लागत नाही.

राहता राहिला प्रश्न सरकारच्या खिशाचा. देशातील आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोक स्वतःच्या पदरचा जो भाग देतात, तो सरकारी हिशेबानुसार २०१३-१४ साली शंभरात चौसष्ट रुपयांच्या आसपास होता, तो २०२१-२२ मध्ये एकोणचाळीसच्या आसपास आला. ही सुधारणा मोठी आहे. पण सरकारी विमा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते, पाऊण तासाचे बोलणे बसत नाही. आयबीएसचा रुग्ण दाखल होत नाही. तो बाह्यरुग्ण म्हणून येतो आणि बाह्यरुग्ण म्हणूनच जातो. म्हणजे आपली व्यवस्था पोट उघडायला पैसे देते, पोटाची हकीकत ऐकायला देत नाही. उद्या कोणी ॲक्युपंक्चरचा समावेश अशा योजनेत करावा म्हणून मागणी करील. त्याला माझा विरोध राहील. कारण सार्वजनिक पैशाने विधी विकत घेण्याऐवजी त्यातला उपयुक्त भाग, म्हणजे वेळ, थेट विकत घेता येतो आणि तो अधिक स्वस्तात पडतो. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ पोटाच्या जुन्या विकारांसाठी राखून ठेवावी. पहिल्या भेटीला अर्धा तास द्यावा. आहार सांगणारी एक व्यक्ती आणि मनाच्या ताणाविषयी बोलणारा एक समुपदेशक तेथे असावा. अशा समुपदेशनाचा या विकारात उपयोग होतो, हे परदेशात मान्य झाले आहे. दर वेळी नवा डॉक्टर न भेटता तोच भेटावा. संध्याकाळच यासाठी की, सकाळच्या रांगेसाठी कारकुनाला रजा काढावी लागते, आणि शिक्षकाला तर तीही सहज मिळत नाही.

याला खर्च येईल. तज्ज्ञ डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असताना अर्धा अर्धा तास कोठून आणणार, असा आक्षेप प्रशासन घेईल आणि तो रास्त आहे. त्यावर माझे म्हणणे इतकेच की, यातील पुष्कळसे ऐकणे तज्ज्ञाने करण्याची गरज नाही. कॅप्चक यांच्या प्रयोगात रुग्णाशी पाऊण तास बोलणारे ॲक्युपंक्चरचे उपचारक होते, आतड्यांचे विशेषज्ञ नव्हते. निदान डॉक्टरने करावे. ते एकदा झाले की पुढच्या भेटी प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक सांभाळू शकतो. आणि ज्याला त्यानंतरही स्वतःच्या पैशाने, पूर्ण माहितीनिशी, नोंदणीकृत माणसाकडून सुया टोचून घ्यायच्या असतील, त्याला कोणी अडवू नये. फक्त पैसे एका वेळी एकाच बैठकीचे द्यावेत, आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावे.